चाळीस डावे हात

शेवटी कंपनी सगळं कबूल करते. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. भाऊजींनी तर नाहीच नाही; ते आत्ता कुठे दार उघडतायत.

दारात वकीलबाई होत्या. सोबत परदेशातल्या कापड रंगवायच्या कारखान्यातली रंगारीण, दोन्ही हात पट्ट्यांत.

"वीस वर्षं रंगाच्या हौदात उघडे हात," वकीलबाई म्हणाल्या. "कापड घेणारी कंपनी इथली. ती म्हणते, कारखाना परका, देश परका, आम्हाला काय ठाऊक! वर हा फोटो दाखवते. उद्या सुनावणी आहे."

"माझं जाऊ द्या," रंगारीण म्हणाली. "सोमवारी लेक उतरणार आहे त्याच हौदात."

वहिनींनी चष्मा चढवला. गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. त्यांचं नाव वहिनींसोबत असतात म्हणून.

फोटोत हौदापाशी चाळीस कामगार. प्रत्येकाचा डावा हात वर, त्यात नारिंगी रबरी मोजा. उजवे हात पाठीमागे.

"शपथ घेतायत," भाऊजींनी निष्कर्ष काढला.

"डाव्या हाताने?"

"परदेश आहे, वहिनी."

"फोटो झाला आणि मोजे काढून घेतले," रंगारीण म्हणाली.

कारखानदार फोनवर म्हणाला, "मोजे माझे नाहीत. फोटो काढायला आलेल्या तपासनीसाचे असतील."

तपासनीस म्हणाला, "मी गेलो तेव्हा घातलेलेच होते. मी फक्त फोटो काढतो."

कंपनीच्या कचेरीत खरेदीसाहेब म्हणाले, "आम्ही इथून टाचणीसुद्धा पाठवलेली नाही."

साहेबांचं टेबल पुसणाऱ्या मावशींच्या हातांत नारिंगी मोजे होते. डाव्या हातावर मोज्याची तळव्याकडची खरखरीत बाजू हाताच्या पाठीवर आलेली.

"मावशी, मोजा उलटा घातलात," भाऊजी मायेने कुजबुजले.

"असेच मिळालेत, दादा."

वहिनी हसल्या आणि त्यांनी मावशींना सुनावणीचं निमंत्रण दिलं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत वहिनी उभ्या राहिल्या.

"चाळीस जण उजवा हात लपवतात, कारण उजवा मोजाच नाही. दुकानातून घेतले असते तर जोड्या मिळाल्या असत्या. म्हणजे डावे एका खोक्यात, उजवे दुसऱ्यात, आणि तिकडे पोचलं एकच खोकं. दुसरं कुठे?"

मावशींनी खोकं टेबलावर ठेवलं. आत सगळे उजवे. "साहेबांच्या कपाटातलं. डाव्या हातालाही हेच चढवते."

"मोजे इथून गेले, तेही फोटोपुरते," वहिनी म्हणाल्या. "हात उघडे आहेत हे ठाऊक नसणारा माणूस मोजे कशाला पाठवेल?"

"मी दोन्ही खोकी पाठवायला सांगितलं होतं!" साहेब ओरडले, आणि मग स्वतःचंच वाक्य ऐकून खाली बसले.

हौद त्याच दिवसापासून बंद झाले. उपचारांचा खर्च कंपनीवर पडला. भाऊजींनी वहिनींना विचारलं, "म्हणजे शपथ नव्हती?"

"नव्हती, भाऊजी. पण तुम्ही मोजा बघितलात, तेच पुष्कळ."

भरपाईच्या अर्जात 'मागणी' असा रकाना होता. रंगारणीला लेखणी धरता येईना. ती सांगत गेली, भाऊजी लिहीत गेले:

'महोदय, माझे दोन हात वीस वर्षे आपल्या कंपनीच्या कामी होते. काम पूर्ण झाले आहे. तरी सदर हात, डावा व उजवा असे दोन्ही, पूर्वीच्या स्थितीत, सात दिवसांच्या आत परत करावेत, ही नम्र विनंती.'