टिटवी गप्प का झाली?

"आजोबा, टिटवी बोलत का नाही?"

बारा वर्षांच्या जुईलीने यंत्रहोडीवरची कळ पुन्हा दाबली. दिवे लागले, इंजिन सुरू झालं. पण कर्ण्यातून चकार शब्द नाही. पडद्यावर फक्त अक्षरं उमटली : 'आवाजाची फाइल सापडली नाही.'

साल होतं २०५८. वाघबंदरच्या छोट्या प्रयोगशाळेत जुईलीचे आजोबा, डॉ. हरेश्वर तांडेल, यांनी 'टिटवी' ही चालकाशिवाय धावणारी होडी बनवली होती. वादळ येताना समुद्रात जाऊन मच्छीमारांना हाका मारायच्या आणि सुरक्षित खाडीची वाट नकाशावर दाखवायची, हे तिचं काम. हाका जुईलीच्याच आवाजात होत्या. आज दुपारी वारा अचानक फिरला, संदेश पाठवणारा मनोरा बंद पडला आणि सात होड्या अजून बाहेर होत्या. एकीवर जुईलीचा बाबा होता.

"फाइल तर संगणकात आहे! मी कालच..." जुईली थबकली. "काल आवरताना मी सगळ्या हाका 'आवाज' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवल्या."

आजोबा रागावले नाहीत. "टिटवीला आपला अख्खा संगणक मिळत नाही, एक गाठोडं मिळतं; आज सकाळी नवं बांधलं, तेच. ते बिल्ड टूल (आज्ञा आणि सामान एकत्र बांधून यंत्रासाठी संच तयार करणारा प्रोग्रॅम) बांधतं. आवाज, नकाशे म्हणजे रिसोर्स (आज्ञा नसलेलं, पण कामाला लागणारं सामान). आपण काही सांगितलं नाही, तर टूल ते एका ठरलेल्या फोल्डरमधूनच उचलतं. त्याचं नाव 'सामान'."

"सगळीकडे का नाही शोधत?"

"मग तुझ्या सहलीचे फोटोही टिटवीत भरेल! म्हणून जागा आपण सांगायची. मांडणीची फाइल (टूलने कसं वागायचं ते लिहिलेली फाइल) उघड."

जुईलीने ओळ लिहिली : 'रिसोर्स फोल्डर – आवाज'. गाठोडं पुन्हा बांधलं. टिटवी खणखणीत ओरडली, "वादळ येतंय! परत फिरा!"

पण आता पडदा कोरा. नकाशा गायब!

"नकाशाला तर मी हातही लावला नव्हता!" जुईलीचा आवाज रडवेला झाला. आजोबा बोलू लागले, तोच ती म्हणाली, "थांबा, सांगू नका. आधी फाइलमध्ये जागांची यादीच नव्हती, म्हणून टूल 'सामान'मध्ये जात होतं. मी एकच जागा लिहिली, म्हणून आता ते तिथेच गेलं. माझी यादी जुन्या जागेत भर घालत नाही, तिला बाजूला सारते!"

"शाबास! या टूलचा नियम तसाच आहे. काही टूल भरही घालतात, म्हणून माहितीपुस्तिका वाचायची."

जुईलीने दुसरी ओळ लिहिली : 'रिसोर्स फोल्डर – सामान'. आवाज आला, नकाशाही आला. दोघांनी टिटवी पाण्यात ढकलली.

मग वाट पाहणं. तासाभराने पहिली होडी खाडीत शिरली, मागोमाग दुसरी. सातवी बाबाची.

"तुझी हाक ऐकली तेव्हा आधी भासच वाटला," बाबा म्हणाला. "मग टिटवीच्या पडद्यावर वाट दिसली." त्याचा ओला सदरा जुईलीने घट्ट धरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात आजोबा म्हणाले, "आपल्या समुद्रात गुजराती खलाशीही येतात. त्यांना कळेल अशी हाक हवी."

जुईलीने मांडणीची फाइल उघडली, तिसरी ओळ लिहिली : 'रिसोर्स फोल्डर – गुजराती', आणि ध्वनिमुद्रक घेऊन गुजराती बोलणारं कुणी भेटतंय का ते पाहायला धक्क्याकडे निघाली.