मांडणीतला पेरू

पाण्याचा डबा धुऊन दया वर्गात शिरली, तर टेबलाजवळ एक अनोळखी मुलगा उभा! निळा कपडा जागेवर, पितळी तांब्या जागेवर, दोन्ही वांगी जागेवर... आणि पेरू? तो त्याच्या तोंडात!

"अहो, थांबा! तो मांडणीतला आहे—"

"म्हंजे... खायचा नव्हता?"

"त्याचं चित्र काढायचं होतं!"

दया अगदी रडकुंडीला आली. संध्याकाळी सर प्रदर्शनासाठी चित्रं निवडणार होते. कला महाविद्यालयात दोन वर्षं झाली, पण तिचं एकही चित्र भिंतीवर लागलं नव्हतं. "रंगाला घाबरतेस तू," सर नेहमी म्हणायचे. आणि आज तर कागदावर पेरूच्या जागी नुसता पांढरा गोल!

मुलगा ओशाळला. "मी महेंद्र. शिल्पकलेला नवीन हाय. कर्जतवरनं पहाटेच्या एसटीनं आलो, लई भूक लागल्ती. दुसरा आणून देऊ?"

"तोवर ऊन सरकेल ना!" ती रागानंच बघत होती, पण त्याच्या हनुवटीला चिकटलेली बी दिसली आणि... हसूच फुटलं. "गोड तरी होता का?"

"लई! आतनं लालबुंद. ह्ये बघा." त्यानं उष्टा पेरू पुढे केला. खिडकीतल्या उन्हात तो गर असा काही पेटला, की दया बघतच राहिली.

तिनं पोपटी रंगाची बाटली बाजूला सारली. पाण्याचा थेंबही न घालता लाल उचलला. अख्खा पेरू लाल! मग वांगी कशी गप्प बसतील? ती गडद जांभळी झाली, सावल्या गर्द हिरव्या. महेंद्र पेरू धरून तस्साच उभा.

"हात दुखतोय?"

"न्हाई."

"खोटं."

"दुखतोय... पण तुमी थांबू नका."

संध्याकाळी सरांनी भुवया उंचावल्या. "पेरू असा दिसतो का गं?"

एरवी दयाची मान खाली गेली असती. आज ती ताठ राहिली. "दिसत नाही, सर. लागतो असा!"

सरांनी चित्र उचलून तिच्या हातात दिलं. "दारासमोरच्या भिंतीवर लाव."

प्रदर्शनात शिरणारा प्रत्येकजण आधी तिथंच थबकत होता. सोनईहून आलेले पप्पा तर जो भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या दयाचंय ते!" गर्दीतून महेंद्र आला. हातात पेरू.

"ह्यो मांडणीतला न्हाई. आज विचारून खातोय."

"कुणाला?"

"तुला." पहिल्यांदाच 'तुमी' सुटलं होतं. त्याचे कान लाल झाले. "अर्धा तुझा. म्हंजे... रोजच अर्धा. चालंल?"

दयानं एकदा भिंतीवरच्या आपल्या पेरूकडे पाहिलं, एकदा त्याच्या कानांकडे. रंग तोच!

"चालेल," ती ऐटीत म्हणाली, "पण आधी मी रंगवणार, मग तू खायचा!"