झग्यांखालचे जोडे

खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथं होते. पायरीवर, मावशीला खेटून.

१९६४ चा ऑगस्ट. मिसिसिपीतलं आमचं गाव. शनिवारची तिन्हीसांज.

ऑथेलामावशीचा नवरा क्लीओफस मतदार यादीत नाव घालायला म्हणून कोर्टात गेला, तो परतलाच नव्हता. माणूस जिवंत आहे की नाही, एवढंच मावशीला हवं होतं. कुणी सांगेना.

आणि त्या संध्याकाळी झगेवाले आले.

गावातलेच गोरे. पांढरे झगे, तोंडावर ओढलेल्या, डोळ्यांपुरती भोकं पाडलेल्या टोप्या. आम्ही काळ्यांनी पुन्हा मताचं नाव काढू नये म्हणून आमच्याच गल्लीतून मिरवणूक.

"दिवा मालवू नकोस," मावशी म्हणाली. "बघू देत मेल्यांना."

तोंडं झाकली, जोडे कसे झाकणार? ते पॉलिश करणारे आमचेच लोक.

"हा औषधवाला. टाच बघ कशी झिजलीय! बायको नवे घेऊ देत नाही वाटतं."

मी फिस्सकन हसले.

"आणि हे तपकिरी बूट... हवालदार प्रुइट."

मग मावशी पायरीवरून अर्धी उठली.

प्रुइटच्या मागे एक झगेवाला होता...

अनवाणी.

काळे पाय. ओले. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, आणि त्याच्या मागे धुळीत ओली पावलं उमटत होती...

बाकीच्यांचे बूट वाजत होते. त्याचा आवाजच नव्हता.

डाव्या पायाला करंगळी नव्हती. क्लीओफसची लाकडाच्या गिरणीत तुटली होती.

मी मावशीचा हात धरला. तिनं झिडकारला, थेट रस्त्यावर गेली.

"क्लीओ! अरे, घरी चल ना. जेवायची थांबलेय मी."

मिरवणूक थबकली. प्रुइटनं मागे वळून त्या पायांकडे पाहिलं...

"तुला... तुला तर आम्ही नदीत..."

आणि तो पळत सुटला.

तो अनवाणी मात्र पळाला नाही. सावकाश प्रुइटच्या मागे गेला. बाकीचे झगेवाले वाट फुटेल तिकडे पांगले.

मावशी रस्त्यातच बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

सकाळी मी स्वतः पाहिलं. ओली पावलं प्रुइटच्या दारापर्यंत गेली होती.

परतीची नव्हती.

प्रुइटला कुणी कधी अटक केली नाही. म्हातारा होऊन मेला. पण त्या घरात एकटा कधी झोपला नाही म्हणतात.

मावशी शेवटपर्यंत एकच धरून बसली. "मी हाक मारली गं. तरी वळला नाही माझ्याकडे."

तो प्रुइटला सोडून घराकडे वळला असता, तर ते सगळे आमच्याच दारात थांबले असते, आणि मग आमची धडगत नव्हती. मला हे कळत होतं.

पण मावशीला सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही... आणि अजून माझा जीव थाऱ्यावर नाही.