बारावा फर्मा

बाइंडरने पुस्तक वाचायचं नसतं, मोजायचं असतं, हे फारूकच्या अब्बांचं ठाम मत होतं. चंद्रपुरातलं दुकान काढून चाळीस वर्षं झाली, अब्बा जाऊन दहा, तरी फारूकने तो नियम मोडला नव्हता. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे फर्मे यायचे. ते घडी घालायचे, क्रमाने जुळवायचे, शिवायचे, पाठीला सरस लावून शिकंज्यात दाबायचे. आत पोथी असो की पाककृती, बाइंडरला काय करायचंय?

मंगळवारी आलेलं काम मात्र घरचं होतं. अश्विनचा विज्ञानकथांचा संग्रह, तीनशे प्रती. अश्विन म्हणजे आलापल्लीतला बालमित्र, आता तिथेच विज्ञानाचा मास्तर. रविवारी प्रकाशन होतं आणि पहिली प्रत अम्मीच्या हाती द्यायची, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. अम्मीची नजर गेलेली. म्हणून फारूकच्या मुलीने, मदीहाने, संग्रहातली शेवटची कथा तिला भर सभेत वाचून दाखवायची असं ठरलं होतं.

अम्मी रोजच्यासारखी शिकंज्याला पाठ टेकून बसली होती. आलापल्ली सोडताना अब्बांनी तिथल्या डेपोतून सागाच्या दोन जाड फळ्या आणल्या होत्या, त्यांचाच तो शिकंजा. चंद्रपूरच्या उन्हातही त्या फळ्या गार असत.

फारूकने गठ्ठे मांडले. बारा झाले. बाराव्याची घडी घालताना एका आकड्यावर त्याची नजर अडली. चारशे बारा.

आणि जन्मात पहिल्यांदा त्याने हातातलं काम वाचलं.

कथेत एक जंगल होतं, तिथल्या झाडांत काळ फार सावकाश चालायचा. एक भाऊ सात वर्षांच्या बहिणीला तोडीला लावलेल्या झाडापाशी उभी करतो. साल तासून खोडावर नंबर ठोकलेला असतो, चारशे बारा. नंबर लक्षात राहील, खुणेचं झाड आहे, असं त्याला वाटतं. मग झुडपात काहीतरी गुरगुरतं आणि भाऊ पळत सुटतो.

ती बहीण म्हणजे त्याची धाकटी निशात, भाऊ तो स्वतः. अकरा वर्षांचा होता. झाडतोडीसाठी आखलेल्या पट्ट्याला कूप म्हणत; तिथे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असा अब्बांचा दम होता. म्हणून घरी येऊन त्याने सांगितलं, ती नाल्यापाशी हरवली. माणसांनी तीन दिवस नाला पालथा घातला. कूपात कुणी गेलंच नाही.

हे त्याने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. वैनगंगेच्या पुलावर, हात हातात घेऊन. तो माणूस अश्विन.

त्याने फोन लावला. "काऊन लिवलं बे? तुले भाऊ समजून सांगतलं होतं ना मी! माझ्या मायले भर सभेत ऐकवतं?"

"काय बोलून राह्यला तू? अकराच कथा आहेत माह्या. अकरा फर्मे."

"खोटं नको बोलू," म्हणत फारूकने फोन आपटला. जिवाचा मित्र, आणि केसाने गळा कापला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते रागाचं की लाजेचं, त्याचं त्यालाच कळेना.

बारावा गठ्ठा त्याने कातर-मशीनखाली घालून त्याच्या चिंध्या केल्या. अकरा फर्म्यांच्या पाच प्रती शिवल्या, दाबल्या, शिकंजा आवळला. सकाळी उघडला तर पाठी जाड वाटल्या. मोजलं. बारा.

शिलाई त्याच्याच हातची होती, त्याचीच दुहेरी गाठ.

कथा मात्र थोडी पुढे सरकली होती. आता तीत लिहिलं होतं, की पळताना भावाला मागून 'भाई' अशी हाक ऐकू आली. त्याने ती ऐकली आणि वळला नाही.

हे तर त्याने अश्विनलाही सांगितलं नव्हतं.

दुपारी अश्विन बसने आला. उभ्या उभ्या त्याने ते फर्मे वाचले.

"ती हाक तू आयकली होती?"

फारूकने मान खाली घातली.

"हे मी नाई लिवलं, फारूक. तीस वर्सं तुही गोष्ट पोटात ठेवली. तुहा भरवसा असा होय का माह्यावर?" त्याने पुस्तक खाली ठेवलं. "मले नको ह्या प्रती." चहासुद्धा न घेता तो पायऱ्या उतरला. एकुलता एक मित्र, तोही गेला, आणि या वेळीही सोडणारा फारूकच होता.

त्याने शेवटचं पान उघडलं. बहीण त्या झाडात शिरते, मग झाड तोडलं जातं. ओंडका डेपोत येतो, करवतीखाली जातो, दोन फळ्या निघतात. एक बाप त्या विकत घेतो. फळ्यांमध्ये पुस्तकं दाबली जातात, वर्षानुवर्षं. आतल्या मुलीच्या लेखी अजून तीच दुपार आहे. पुढचं अर्धं पान कोरं होतं.

"अश्विन क्यूँ चला गया रे?" अम्मीने विचारलं.

"कुछ नहीं अम्मी. काम था उसको."

अम्मीने मान वळवून कान फळीला लावला. घरात अम्मीची भाषा कायम हिंदीच. झाडीबोली भावंडांची, आपसात खेळताना बोलायची. अम्मीच्या तोंडून ती कधी कुणी ऐकली नव्हती.

"भाई," अम्मी हळूच म्हणाली, "अजून किती वेळ उभी राहू मी इथी?"