इराबत्तींचं विरजण

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच डॉ. वसुधा निमकरांनी रुमाल नाकाला लावला. भिंतीवर चार कोट टांगलेले होते आणि त्यांना आंबलेल्या मोज्यांचा वास येत होता.

“हे अंगात घालून जायचं उणे पन्नासात?”

“आत्तापासूनच घालायचं, मॅडम,” भार्गव इराबत्ती म्हणाले. हे जीवाणूतज्ज्ञ सोलापूरचे. केस तेलकट, बनियनची मळकी कड सदऱ्यातून डोकावणारी. “त्या थंडीत तापत्या कोटाची बॅटरी तासाभरात मान टाकते. हे उष्मजीवी अस्तर टाकत नाही. यातले जीवाणू तुमचा घाम अन् मेलेली कातडी खातात आणि ऊब सोडतात.”

“शी!”

“म्हणून निघेपर्यंत दहा दिवस साबण नाही, अत्तर नाही, पावडर नाही. तुम्ही त्यांना जगवा, ते तुम्हाला जगवतील.”

निमकर हिमतज्ज्ञ होत्या, मोहिमेच्या प्रमुख होत्या आणि दिवसातून दोनदा साबण लावून आंघोळ करणाऱ्या होत्या. ते दहा दिवस त्यांनी नुसत्या पाण्याच्या आंघोळीवर काढले. स्वतःच्याच अंगाची किळस आली, जेवण जाईना. पण सायबेरियातल्या गोठलेल्या सरोवरावर त्या, इराबत्ती आणि दोन भूगर्भतज्ज्ञ अशा चौघांना आठ दिवस काढायचे होते आणि चौघांच्या जिवाची जबाबदारी त्यांची होती. नियम त्यांनी मोडला नाही.

सामान बांधायचं काम मात्र त्यांनी कुणावर सोपवलं नाही. लोकरीचे मोजे, कानटोप्या, घरचे डिंकाचे लाडू, प्रवासापुरते उतरवलेले कोट, सगळं एका मोठ्या पेटीत आईच्या पद्धतीनं नीट रचलं. इराबत्तींच्या पिशवीत दहा न धुतलेली बनियनं निघाली, ती चिमटीत धरून त्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या.

“राहू द्या, मॅडम. लागतील.”

“कशाला? पुरायला?”

इराबत्तींनी बनियनं परत पिशवीत कोंबली. आपला कोट तर त्यांनी पेटीत ठेवलाच नव्हता, तो अंगातच होता. विमानात त्यांच्या शेजारचा प्रवासी जागा बदलून गेला आणि निमकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेलिकॉप्टर त्यांना सरोवरावर उतरवून निघून गेलं. मागून वादळ आलं, आता ते परत येणं शक्य नव्हतं. तंबूत पेटीतले कोट चढवून तास झाला तरी ऊब येईना. दोघा भूगर्भतज्ज्ञांचे ओठ निळे पडले. त्यातला एक बरळायला लागला, तेव्हा इराबत्तींनी आपला कोट उतरवून त्याच्या अंगावर घातला. कोटांच्या भरवशावर स्टोव्हला तेल चार तासांचंच आणलं होतं.

मग त्यांनी निमकरांचा कोट हुंगला आणि तोंड वाकडं केलं. “मेलंय सगळं. पेटीत काय टाकलंत?”

निमकरांनी पेटीच्या तळाची मलमलची पुरचुंडी काढली. “डांबराच्या गोळ्या. लोकरीत घालतातच की! कसर लागू नये म्हणून.”

“मी यादीत साबण लिहिला, अत्तर लिहिलं. डांबरगोळी कशी सुचणार मला? आमच्या सोलापुरात स्वेटर घालतंय कोण?”

निमकरांना रडू यायला लागलं. तीन माणसं आपण स्वच्छतेपायी मारली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

“काही उपाय?”

“दह्याला असतो तोच. माझ्या कोटातून विरजण काढू. पण त्याला सवय माझ्या घामाची. तुमचा घाम पचायला त्याला दोन दिवस लागतील, तोवर माझंच खाणं पाहिजे.” त्यांनी बनियनं पुढे केली. “कोमट पाण्यात पिळा, त्यात विरजण कालवा आणि अस्तराला चोळा. माझी बोटं आता वळत नाहीत.”

निमकरांनी बनियनं भिजवली. पाणी करडं झालं, वर तवंग आला. वासानं त्या एकदा ओकल्या. तोंड पुसून पुन्हा बसल्या. पिळलं, कालवलं, तिन्ही कोटांना कोपरापर्यंत हात घालून चोळलं. तेल संपत येऊन स्टोव्ह फरफरायला लागला तेव्हा पहिल्या अस्तराला कोमट वाफ सुटली. तो कोट त्यांनी आधी इराबत्तींना घातला.

पहाटेपर्यंत चौघांच्या गालांवर रंग आला. हात धुवायची सोय नव्हती, आणि साबणाला तर बंदीच होती. निमकरांनी त्याच हातानं डिंकाचा लाडू काढून इराबत्तींपुढे धरला.

इराबत्तींनी तो हुंगला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून डब्यात परत ठेवला.

“नको मॅडम. डांबरगोळीचा वास मारतोय. किळस येते मला.”

निमकरांनी लाडू नाकाशी नेला. त्यांना कसलाच वास आला नाही. नाकात फक्त इराबत्ती भरले होते.