पान्या बोलला होता!

वाचनालयाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि नाकाच्या शेंड्यावर राग. ती वाचनालयात पुस्तकांची बांधणी करायची; फाटकीतुटकी पुस्तकं धडधाकट करून कपाटात परत पाठवायची. पण आजचे कागद वाचनालयाचे नव्हते. ते होते ‘उडतं पोस्ट’च्या चाहत्यांच्या मंडळाचे.

‘उडतं पोस्ट’ हा सिनेमा एके काळी तुफान चालला होता. फुग्याच्या जहाजातून गावोगाव पत्रं वाटणारी एक कॅप्टन आणि तिचा मेकॅनिक पान्या. पान्या अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही, नुसता हातातला पाना आपटतो. एकदा ठक् म्हणजे होय. दोनदा ठक् ठक् म्हणजे नाही. सिनेमा गाजला म्हणून टीव्हीवर त्याचं कार्टून आलं, सव्वीस भागांचं. सव्विसावा भाग एकदाच दाखवला गेला, मग ते चॅनलच बंद पडलं, आणि तो भाग कुठे गडप झाला ते आजवर कोणाला कळलं नाही.

तिने तो पाहिला होता. नऊ वर्षांची असताना, पांघरुणात गुरफटून, तापाने फणफणलेली असताना. आणि त्यात पान्या चक्क बोलला होता!

पण ताप होता ना... तिथेच घोडं पेंड खात होतं. “तापात माणसाला काहीही ऐकू येतं हो,” असं म्हणत मंडळाने नऊ वर्षं तिची टिंगल केली होती. मंडळाचे अध्यक्ष भूगोलाचे निवृत्त सर. सिनेमाचे कट्टर भक्त. काठी टेकत यायचे आणि कार्टूनला सिनेमाचं सावत्र भावंड म्हणायचे. आता मंडळ कार्टूनवर एक पुस्तक काढत होतं, आणि सव्विसाव्या भागाखाली सरांनी लिहिलं होतं – ‘या भागात पान्या बोलतो, अशी एक अफवा आहे.’ पुढच्याच्या पुढच्या रविवारी मजकूर पक्का व्हायचा होता. आणि पुस्तकाची बांधणी करणार कोण? तीच! स्वतःला खोटं ठरवणारं पुस्तक स्वतःच्या हातांनी शिवायचं, म्हणजे दैवाने जखमेवर मीठ चोळण्याचाच प्रकार होता.

तिने लिफ्टच्या दारावर थाप मारली. “कोणी आहे का?”

वरून आवाज आला. ठक्.

“लवकर निघेन का मी इथून?”

ठक् ठक्.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःलाच वेड्यात काढत तिने विचारलं, “तुम्ही... पान्या आहात का?”

मग – ठक्. आणि पाठोपाठ कोणीतरी खो खो हसलं.

दार वीतभर उघडलं. वरच्या मजल्याच्या फरशीवर आडवा पडलेला एक माणूस फटीतून डोकावत होता. हातात पाना, केसांत धूळ, आणि डोळ्यांत असा मिश्कीलपणा की रागावावं की हसावं, तिला कळेना.

“सॉरी हं. मी लिफ्टवाला. अडकलेले लोक घाबरतात, म्हणून आधी बोलायचं असतं. पण पाना हातात होता, मोह झाला. आत ‘उडतं पोस्ट’वालं कोणी निघेल असं वाटलंच नव्हतं!”

“सिनेमावाले की कार्टूनवाले?” तिने कडक आवाजात विचारलं. सुटकेपेक्षा हे जास्त महत्त्वाचं होतं.

“कार्टूनवाला. सिनेमातला पान्या नुसते हुकूम पाळतो. कार्टूनमधला रुसतो, लाजतो, कॅप्टनच्या कॉफीत चोरून जास्तीची साखर टाकतो. आणि शेवटच्या भागात बोलला तेव्हा तर मी ढसाढसा रडलो होतो.”

गठ्ठा तिच्या हातातून निसटला. कागद लिफ्टभर पसरले.

“काय म्हणालात? परत म्हणा.”

“रडलो होतो. दहा वर्षांचा होतो हो, त्यात काय –”

“त्याच्या आधीचं!”

“बोलला तेव्हा. पान्या. ‘मला सोडून जाऊ नकोस’ असं म्हणाला ना?”

“साफ चूक!” ती ओरडली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “‘थांब, मी पण येतो’ असं म्हणाला!”

नऊ वर्षांनी तिला साक्षीदार मिळाला होता, आणि तोही उलटी साक्ष देणारा!

“आपल्या दोघांचं ऐकून मंडळाचे सर दोघांनाही हाकलून देतील,” ती म्हणाली.

“मग कॅसेटच दाखवू की,” तो बोलून गेला, आणि लगेच त्याने जीभ चावली.

कॅसेट होती. त्याने स्वतःच भरलेली. फक्त घाईघाईत कोरी कॅसेट सापडली नव्हती, म्हणून त्याने शेवटचा भाग ताईच्या लग्नाच्या कॅसेटवर भरला होता. मग घाबरून ती लपवली, आणि ताईला सांगितलं, हरवली. बावीस वर्षं झाली. ताई अजूनही लग्नाच्या वाढदिवसाला त्या कॅसेटसाठी हळहळायची, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून केक खायचा.

“राहू द्या मग,” ती हळूच म्हणाली. “ताईपेक्षा काय पान्या मोठा?”

तिला ती कॅसेट हवी होती, जीव तोडून हवी होती. ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. तरी तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. लिफ्टवाल्याचा त्या क्षणीच निकाल लागला.

त्यानंतरचे बारा दिवस वाचनालयाची लिफ्ट रोज दुरुस्तीला आली. कधी बटण चिकटायचं, कधी दिवा मिचमिचायचा. दुरुस्ती दहा मिनिटांची, आणि दुरुस्तीवाला तासभर तिसऱ्या मजल्यावर, बांधणीच्या खोलीत. खळीचा वास, कापडाचे तुकडे, दाबाखाली ठेवलेली पुस्तकं. तो तिच्यासाठी दोऱ्याला मेण लावून द्यायचा. अडगळीतला वाचनालयाचा जुना व्हीसीआरही त्याने खोलून बसवला.

“‘सोडून जाऊ नकोस’च म्हणाला होता,” तो अधूनमधून टुमणं लावायचा.

“‘मी पण येतो.’ लावता पैज?”

“लावतो. जो चुकेल त्याने बोलायचं.”

“काय बोलायचं?”

“जे आपण दोघंही बोलत नाही आहोत... ते.”

तिच्या हातातला खळीचा ब्रश हवेतच थांबला. एक थेंब थेट तिच्या बोटावर पडला. त्याने तो पुसला, नको तितक्या सावकाश. तिनेही हात मागे घेतला नाही.

रविवारी दुपारी मंडळ वाचनालयाच्या बालविभागात जमलं. मोठमोठी माणसं लहानग्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तो आला, हातात कॅसेट. आणि मागे, ठेवणीतली साडी नेसलेली ताई!

“सांगितलंत त्यांना?” तिने कुजबुजत विचारलं.

“अर्धंच. कॅसेट सापडली, एवढंच...” त्याच्या कपाळावर घाम होता.

“बंद करा मग! मला नको असला पुरावा.”

“मला हवाय,” तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

पडद्यावर लग्नाचं जेवण चाललं होतं. तरुण ताई लाजत होती, खऱ्या ताईने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात पडद्यावर तिचे सासरे उठले, घसा खाकरून म्हणाले, “मी दोनच शब्द बोलणार आहे –” आणि खर्रर्र! फुग्याचं जहाज ढगांतून वर आलं.

ताईने भावाकडे असं पाहिलं की तो खुर्चीहून लहान झाला.

भाग पुढे सरकला. कॅप्टन छोट्या होडीतून एकटीच निघाली होती. कठड्याशी पान्या. त्याने हातातला पाना हळूच खाली ठेवला... आणि चित्र गेलं! नुसत्या पांढऱ्या रेघा. तिने डोळे घट्ट मिटले. त्याच पांघरुणातली नऊ वर्षांची मुलगी झाली ती.

मग रेघांच्या पलीकडून एक घोगरा, न वापरलेला आवाज आला.

“थांब. मी पण येतो.”

चित्र परतलं. पान्याचं तोंड अजून उघडंच होतं.

मग जो कल्लोळ झाला! खुर्च्या उलथल्या, शिट्ट्या वाजल्या, नऊ वर्षं टिंगल करणारी माणसं तिला मिठ्या मारू लागली. भूगोलाच्या सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग कागदावरचं ‘अफवा’ स्वतःच्या हाताने खोडलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

“तुमच्याच अक्षरात लिहा. आमचं चुकलं.”

तिने लिहिलं – ‘या भागात पान्या बोलतो.’ चारच शब्द, पण शेवटचा पूर्णविराम तिने दोनदा गिरवला.

“आणि तू रे!” ताईने भावाचा कान धरला. “दोन शब्द म्हणून सासरे पंचवीस मिनिटं बोलले होते. उभं राहून माझे पाय सुजले होते. तू नेमकं तेच पुसलंस? वेड्या, तेव्हाच सांगितलं असतंस तर तुझा सत्कार केला असता!” आणि मग तिच्याकडे बघून, “ही कोण म्हणायची?”

त्याचे कान लालेलाल झाले. एक ताईमुळे, दुसरा आपोआप.

खाली जाताना लिफ्टमध्ये दोघंच होती.

“पैज हरलात,” ती म्हणाली.

“हरलो.” त्याने खिशातला पाना काढला, हळूच जमिनीवर ठेवला. “लिफ्ट... रोज बिघडत नव्हती. मीच तपासायच्या निमित्ताने यायचो. मला तुम्ही आवडता. खूप. कॉफीत साखर टाकण्याइतक्या, चोरून नाही, उघडपणे, कायमच्या. बोललो एकदाचा!”

तिने लिफ्टच्या भिंतीवर बोट वाजवलं. ठक्.

“ऐकू नाही आलं.”

ठक्.

“ठक् ठक् म्हणजे नाही!” तो पार उतरला.

“अहो, दोन वेळा होय म्हणाले!”

दार उघडलं, आणि त्याचा फोन वाजला. कुठेतरी कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. तो हसत, धडपडत रस्त्याकडे धावला, पाना तिथेच विसरून. तिने तो उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भर वाचनालयात, शांतता राखण्याच्या पाटीखाली उभी राहून ओरडली,

“थांब! मी पण येते!”

तो थांबला. जिन्यावरून उतरणारं अख्खं मंडळही जागच्या जागी थबकलं.

“ऐकलंत ना सर?” ताई म्हणाली. “नंतर अफवा म्हणू नका.”

सरांनी काठी पायरीवर आपटली. एकदाच.