थाळ्यातली हमीदची बाजू

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात माझ्याएवढे मासे कुणी खाल्ले नसतील. म्हणजे, तोंडात दात होते तोवर. आता बांगडा समोर आला की कुणी काटे काढून देतं का, म्हणून दुसऱ्यांची तोंडं बघायची.

ते काम हमीद करायचा. मी, सदू, केरू आणि तो, मुंबईच्या गोदीतली आमची चौकडी. दर थंडीत एक शनिवार-रविवार बुरोंडीला त्याच्या घरी फक्त खायला जायचं. चौघांनी एकाच मोठ्या थाळ्यात जेवायचं ही त्यांच्या घरची रीत. आपल्या पुढ्यातलं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला बोट घालायचं नाही. हमीदचा हात तेवढा हद्द ओलांडून माझ्याकडे यायचा, काटे उपसायचा. "खा रे, म्हाताऱ्या पोरा."

दीड वर्षापूर्वी तो होडी घेऊन गेला तो गेलाच. दर्यानं चप्पलसुद्धा परत दिली नाही.

तरी या शनिवारी आम्ही गेलो. रविवारी हमीदचा मुलगा उमेर आपल्या आईला, रहिमाभाभीला, कायमचं मुंबईला नेणार होता, म्हणून तिनं शेवटचं जेवायला बोलावलेलं. तांदळाच्या भाकऱ्या, माशाच्या तिखल्याचा वास, आणि थाळ्यात चार बाजूंना भात आणि चार बांगडे.

"चौथा कुणाला गो?" केरूनं विचारलं.

"त्यांची बाजू मी रिकामी ठेवत नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात संध्याकाळची, मगरिबची अजान झाली आणि लाइट गेली. भाभी मेणबत्ती शोधायला आत गेली. सदू आणि केरू गाडीतली बॅटरी आणायला अंगणात. थाळ्यापाशी मी एकटा. आणि मी एकटा असलो की सैतानाला जोडीदार लागत नाही! हात लांबवला, हमीदच्या बाजूचा भात दोन घासांत साफ केला.

तिसऱ्या घासाला माझ्या मनगटावरून एक हात गेला. ओला. खाऱ्या पाण्यासारखा गार...

"केरू... तूच ना रे?"

थाळ्यात नुसती बोटं फिरल्याचा आवाज... चुळुक... चुळुक...

लाइट आली. सदू आणि केरू दोघंही अजून बाहेर, गाडीपाशी भांडत होते. मी मान खाली घालून पुढ्यातलं निमूट संपवलं.

भाभीनं हमीदची बाजू पाहिली. मग हसली. दीड वर्षात पहिल्यांदा. लगेच उमेरला फोन. "उद्या येऊ नको. तुझा बा घरात जेवून गेला. मी आता हलायची नाय."

सदूनं मला अंगणात ओढलं. "तुझंच काम हे. बाई इथं एकटी मरेल, आप्पा! जा, सांग तिला."

गेलो. चुलीपाशी ती थाळा उचलत होती.

"भाभी, तो भात मी खाल्ला. मस्करी केली. तू उमेरकडं जा."

तिनं मान वर केली नाही.

"ठाव हाय. तुमच्या शर्टावर शितं हायत," ती म्हणाली. मग थाळ्यातली माझी बाजू माझ्याकडे फिरवली. तिथं काटे एकावर एक नीट रचलेले, भोवती पाण्याचं थारोळं. "पण आप्पा, आज तुमच्या बांगड्याचे काटे काढायला मी विसरले होते. मग तुमाला ते काढून दिले कुणी?"